नळदुर्गला दोन तास पुरतील का?

एका ताईंचा प्रश्न आहे. सप्टेंबरात पुण्याहून हैदराबादला स्वतःच्या गाडीने निघायचंय, वाटेत नळदुर्गला थांबायचा विचार आहे. सोबत गुडघे दुखणाऱ्या सासूबाई आणि आठ वर्षांचा मुलगा. फोटोत पाहिलेला नर-मादी धबधबा बघायचाय. किल्ल्याला दोन तास पुरतील का, आणि त्या छोट्याशा गावात बाकी काही बघण्यासारखं आहे का, की उगाच वेळ जाईल?

मी तुळजापूरचा. देवीचं दर्शन आटोपल्यावर हातात अर्धा-एक दिवस उरलेल्या पाहुण्यांना नळदुर्ग दाखवायचा, हा माझा बरीच वर्षं चाललेला उद्योग. शाळांच्या सहलीही नेतो. त्यामुळे प्रश्न ओळखीचा आहे. धबधबा असेल का आणि वेळ किती लागेल, या दोन्हींचं उत्तर 'बघावं लागेल' असंच द्यावं लागतं. गावात काय आहे, याचं उत्तर मात्र मी ठामपणे देतो, आणि माझा अनुभव असा की ते कळलं की वेळेचा हिशेब आपोआप लागतो.

आधी धबधबा, कारण तुमचा जीव तिथं अडकलाय.

नर-मादी हा डोंगरकड्यावरून पडणारा धबधबा नाही. बोरी नदीवर किल्ल्याला लागून एक जुना दगडी बंधारा आहे. त्याला दोन सांडवे आहेत. बंधारा भरला की जादा पाणी त्या दोन जागांवरून खाली कोसळतं. एक नर, दुसरा मादी. आता यात मेख अशी की याच नदीवर वरच्या अंगाला आपल्या काळातलं बोरी धरण आहे. पाऊस झाला की आधी ते धरण पाणी अडवणार. ते काठोकाठ भरून सांडव्यावरून वाहायला लागलं की मग पाणी खाली किल्ल्याकडे येणार आणि मग कुठं धबधबा सुरू होणार. म्हणजे नळदुर्गात धो धो पाऊस पडतोय आणि धबधबा बंद, असं सहज होतं. जुलैत लोक छत्र्या-रेनकोट घेऊन येतात, साचलेलं हिरवट पाणी बघतात आणि 'फोटोत काय, प्रत्यक्षात काय' म्हणत परत जातात. दोष फोटोचा नाही, तारखेचा आहे.

मराठवाड्याचा पाऊस तसाही लहरी. जून-जुलैत ओढ देतो आणि सप्टेंबरात एकदम झोडपून काढतो. त्यामुळे ऑगस्टची अखेर ते ऑक्टोबर हा त्यातल्या त्यात बरा काळ. तुमचा सप्टेंबर चांगला आहे, पण खात्री कुणीच देऊ शकत नाही. दुष्काळी साली अख्खा हंगाम कोरडा जातो. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी 'नळदुर्गला पाऊस आहे का' असं शोधू नका, 'बोरी धरण भरलं का' असं शोधा. धरण भरलं की धाराशिव आणि सोलापूरच्या स्थानिक बातम्यांत ते येतंच. आणि भरलंय असं कळलं तर रविवार टाळा. त्या दिवशी सोलापूर, लातूर, कलबुर्गी सगळे एकदम आलेले असतात, आणि बंधाऱ्यावर मोबाइल वर धरून उभ्या राहिलेल्या गर्दीत लहान पोराला सांभाळणं म्हणजे शिक्षाच.

पण एक सांगतो. धबधबा नसेल तर नळदुर्ग रद्द करू नका. मला स्वतःला पाणी कमी असतानाचा बंधारा जास्त आवडतो, कारण तेव्हा तो नीट दिसतो. सुमारे १७४ मीटर लांब, १९ मीटरच्या आसपास उंच, सगळा घडीव दगडाचा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात मीर इमादीन नावाच्या माणसाने तो पुरा केला, १६१३ साली, असं तिथला फारसी शिलालेख सांगतो. त्या लेखाचा आशय असा सांगतात की हे काम बघून दोस्तांचे डोळे निवतील आणि दुश्मनांच्या डोळ्यांपुढे अंधारी येईल. इंजिनिअरने स्वतःच्या कामावर इतकं खुलून बोललेलं मला तरी दुसरीकडे आढळलेलं नाही.

याच बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल आहे. वरून बघितलं तर काही कळत नाही, नुसती बंधाऱ्याची रुंद पाठ दिसते. मग एका जागी जिना खाली उतरतो. उन्हातून आल्यावर पहिली काही पावलं काहीच दिसत नाही. भिंतीला हात लावून उतरायचं, दगड ओलसर आणि गार लागतो. वटवाघळांचा उग्र वास येतो, त्याची तयारी ठेवा. डोळे सरावले की नक्षीदार कमानी दिसू लागतात, आणि समोर खालच्या दरीकडे उघडणारी खिडकी. सांडवे वाहत असतील तेव्हा त्या खिडकीपलीकडे नुसतं पाणी कोसळत असतं, तुषार उंबऱ्यापर्यंत येतात आणि तुम्ही आत कोरडे. डोक्यावरून नदी चाललीये आणि आपण तिच्या आत उभे आहोत, हे मुलाला सांगायला विसरू नका. बहुतेक पोरं तिथं गप्प होतात. पाणी फार असेल तर मात्र आत सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे. त्या दिवशी राखणदाराशी हुज्जत घालणारी बरीच मंडळी मी पाहिली आहेत. तो दगड शेवाळलेला असतो, पाय सरकला तर धरायला काही नाही.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. एवढ्याशा गावात एवढा अचाट किल्ला आणि नदीच्या पोटात महाल कशासाठी? कारण नळदुर्ग कायम कुणाच्या ना कुणाच्या सीमेवर राहिलेलं गाव आहे. हे ध्यानात ठेवून फिरलं की प्रत्येक दगड बोलतो. नाही ठेवलं तर मग बुरूज, दुसरा बुरूज, तिसरा बुरूज, आणि चला निघू.

बहमनी राज्य फुटल्यावर एका अंगाला विजापूरची आदिलशाही, दुसऱ्या अंगाला अहमदनगरची निजामशाही. सोलापूर, नळदुर्ग, परंडा हा पट्टा मधोमध. दोन भावांत वाटणी झाल्यावर मधला बांध दरसाल कुणीतरी नांगराने कोरत असतो, तसा हा पट्टा दोघेही कोरत राहिले. सोलापूर तर दोन घराण्यांच्या लग्नांत हुंडा म्हणून कबूल केलं जायचं आणि मग त्यावरूनच लढाया व्हायच्या. चांदबिबीचं आदिलशहाशी लग्न झालं तेव्हाही सोलापूरचाच मामला होता. नळदुर्ग विजापूरकडे होता आणि अहमदनगरकडून येणाऱ्याला आधी तोच आडवा यायचा. १५८० साली पहिला अली आदिलशहा मारला गेला, गादीवर लहान पोर आलं. ही संधी साधून निजामशाही आणि कुतुबशाही फौजा मिळून नळदुर्गावर चालून आल्या. वेढा पडला, किल्ला पडला नाही.

का पडला नाही, हे तुम्हाला तिथं उभं राहून दिसेल. किल्ला डोंगरावर नाही, त्यामुळे लोक आधी जरा नाराज होतात. सह्याद्रीतले गड पाहिलेल्या माणसाला हे सपाटीवरचं प्रकरण वाटतं. पण नीट बघा: काळ्या बसाल्टचा एक सपाट तुकडा नदीच्या वळणात पुढे घुसलाय. नदीच्या बाजूला सरळ तुटलेले कडे, त्यांवर तटबंदी. उरली जमिनीकडची बाजू, जिथून माणूस चालत येऊ शकतो. तिथं खंदक आणि तटाची दाटी. एकूण ११४ बुरूज सांगितले जातात आणि तटाचा घेर तीनेक किलोमीटर भरतो. मग राहिली एकच फट: उन्हाळ्यात आटणारी नदी. ती बंधाऱ्याने बुजवली. पाणी अडलं म्हणजे किल्ल्याला बारमाही पाणी मिळालं आणि कड्याच्या पायथ्याशी आपोआप खंदक तयार झाला.

पण बंधारा बांधला की तोच नदी ओलांडायची वाटही होतो. शत्रूने पलीकडचा काठ धरला तर तो बंधाऱ्यावरून चालत आत येईल, नाहीतर बंधारा तरी फोडेल. म्हणून पलीकडच्या काठावर आणखी एक छोटा किल्ला आहे, त्याला रणमंडळ म्हणतात. बहुतेक लोक बंधाऱ्यावरून त्याकडे एक नजर टाकतात आणि वळतात. तुम्हीही तिथवर गेला नाहीत तरी चालेल, पण मुलाला तिथं उभं करून एक कोडं घाला: तू शत्रू आहेस, आत कसा घुसशील? माझ्या सहलींतली पोरं या एका प्रश्नावर अर्धा तास भांडतात. मला मग फारसं बोलावंही लागत नाही.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. तो बाकीच्या गाइडांपेक्षा उलटा आहे, हेही सांगतो. ते पाहुण्यांना थेट बंधाऱ्यावर नेतात, कारण सगळ्यांना तेच हवं असतं. मी आधी उपळी बुरुजावर नेतो. किल्ल्यातली ही सगळ्यात उंच जागा. पायऱ्या उंच उंच आहेत, साध्या जिन्यासारख्या पटापट चढता येत नाहीत, पण वर गेलात की अख्खा किल्ला नकाशासारखा पसरलेला दिसतो. नदी कुठून वळली, तट कुठं दाट झाला, गाव कुठल्या अंगाला आहे, सगळं एका नजरेत. वर जुन्या लांबलचक तोफा आहेत. दुपारी त्यांच्यावर हात टेकवू नका, चटका बसतो. हे वरून पाहून मग बंधाऱ्यावर गेलं की पाणी महाल नुसती गंमत राहत नाही, त्याचा त्या जागेशी संबंध कळतो. उलट क्रमाने गेलं तर बंधारा बघून मन भरतं, पाय थकतात आणि बुरूज राहून जातो.

तिसरी न चुकवायची जागा नवबुरूज. भिंत फुलाच्या पाकळ्यांसारखी नऊ ठिकाणी बाहेर फुगवलेली आहे. सरळ तटासमोर उभ्या शत्रूवर दोन्ही बाजूंनी मारा करता यावा, हा हेतू. नक्षीकाम म्हणून फोटो काढला जातो, पण ते युद्धाचं गणित आहे. आत जामा मशीद, रंगमहाल, बारादरी, हत्तीखान्याचे अवशेष असं बरंच काही आहे. वेळ असेल तर बघा. नसेल तर मी त्यांवर काट मारतो.

तर दोन तासांचं असं. उपळी बुरूज आणि बंधारा, दोनच गोष्टी, रमतगमत नाही तर चटचट चालून, दोन तासांत होतात. पाणी महाल नीट बघायचा, नवबुरुजापर्यंत जायचं, मध्ये मुलाला भूक लागणार, सासूबाई जरा टेकणार, हे धरलं तर साडेतीन-चार तास. किल्ला पसरट आहे. दारातून बंधाऱ्यापर्यंतच बरंच चालणं होतं आणि सावली कमी. पुण्याहून सकाळी निघून दुपारी दोनला पोचायचं आणि चारला हैदराबादकडे सुटायचं, असा बेत असेल तर मी म्हणेन की नका करू. सप्टेंबरातली दुपार ढग नसतील तर चांगली भाजते आणि सासूबाई तुम्हाला हैदराबादपर्यंत ऐकवतील. त्यापेक्षा आदल्या दिवशी सोलापूर किंवा तुळजापूरला मुक्काम करा. दोन्हीकडून नळदुर्ग तासाभराच्या अंतरावर आहे. सकाळी किल्ला उघडतानाच हजर व्हा, दुपारच्या जेवणाला बाहेर पडा आणि पुढे निघा. नळदुर्गात राहायची सोय जेमतेम आहे. कुटुंबासोबत मी तिथं मुक्काम सुचवत नाही. तुळजापुरात भक्तनिवासांपासून हॉटेलांपर्यंत सगळं मिळतं. फक्त मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमेला देवीची गर्दी असते, तेव्हा आधी बुकिंग करा.

सासूबाईंचं म्हणाल तर प्रवेशद्वारातून आत शिरताना जरा चढ आहे, पण आत गेल्यावर बरचसं सपाट आहे. उपळी बुरूज त्यांना नको, उतरताना गुडघ्यांवर फार ताण येतो. पाणी महालाचा जिनाही त्यांच्यासाठी नाही. पण बंधाऱ्यापर्यंत सावकाश येऊ शकतील, आणि धबधबा चालू असेल तर तो वरून, लांबूनही छान दिसतो. किल्ल्याची देखभाल काही वर्षांपूर्वी सरकारने संगोपन योजनेतून खासगी कंपनीकडे दिली, तेव्हापासून आत बाग, बाकडी असं बरंच सुधारलंय. आधी तिथं काटेरी बाभळी माजल्या होत्या. तिकीट, वेळा, बोटिंग आहे की नाही, या गोष्टी बदलत राहतात, त्यामुळे दारातच विचारून घ्या. पाण्याच्या बाटल्या भरून घ्या, सँडल सपाट तळव्याची आणि घसरणार नाही अशी हवी.

आता गाव. 'बाकी काही आहे का' याचं उत्तर इथं आहे, पण ते दिसण्यापेक्षा ऐकू जास्त येतं. बाजारात चहाच्या टपरीवर दहा मिनिटं बसा. मराठी चालू असते, शेजारच्या बाकावर दखनी उर्दू, आणि अक्कलकोट-आळंदकडचं कुणी आलं असेल तर कानडी. मधूनच एखादा ट्रकवाला तेलुगूत फोनवर बोलत असतो. ही आदिलशाही-निजामशाहीची नव्हे, त्याहूनही जुनी, भाषांची सीमा आहे, आणि ती अजून चालू आहे.

या भागाचा देवही सीमेवरचाच. नळदुर्गाचं मैलारपूर आणि शेजारचं अणदूर यांचा खंडोबा एक, मूर्ती एक, गावं दोन. सव्वादहा महिने देव अणदूरला आणि थंडीतले पावणेदोन महिने नळदुर्गला. खंडोबा-बाणाईचं लग्न इथं लागलं अशी श्रद्धा आहे. मूर्ती हलवताना दोन्ही गावांचे मानकरी लेखी करार करतात. सरहद्दीवरच्या लोकांना कागद करून ठेवायची सवय किती मुरलेली असते बघा, देवालाही सुटका नाही! पौष पौर्णिमेला नळदुर्गात मोठी यात्रा भरते. तुम्ही सप्टेंबरात येताय म्हणजे देव अणदूरला असेल. दर्शन घ्यायचं असेल तर तिकडे जा.

इंग्रजी अमलाचाही एक तुकडा इथं आहे. १८५३ साली हैदराबादच्या निजामाने (अहमदनगरच्या निजामशाहीशी याचा संबंध नाही) फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि हा नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला. इथं कारभारी म्हणून आला फिलिप मेडोज टेलर, तोच, ठगांवरच्या कादंबरीने विलायतेत गाजलेला. त्याला हा किल्ला फार आवडला होता आणि आपल्या आठवणींत त्याने या कड्यांचं, बसाल्टच्या खांबांसारख्या रचनेचं वर्णन करून ठेवलंय. सत्तावन्नच्या धामधुमीत निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला, त्याच्या बदल्यात १८६० साली हा मुलूख त्याला परत मिळाला. तेव्हा नळदुर्ग जिल्ह्याचं ठिकाण होतं. पुढे कचेऱ्या धाराशिवला गेल्या आणि गाव मागे पडलं. आज ते तुळजापूर तालुक्यात मोडतं, आणि निदान तालुका तरी करा, ही इथली जुनी मागणी आहे. गावात फिरताना लोकांच्या बोलण्यात जी एक खंत ऐकू येते, तिचं मूळ हे.

म्हणजे परत सीमा. पश्चिमेला सोलापूर इंग्रजांचं, इकडे मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य. तिकडे इंग्रजांचा कलदार रुपया, इकडे निजामाचा हाली. मधे करोडगिरीचे नाके, मालावर जकात. आमच्या आजोबांच्या पिढीतली माणसं सोलापूरला जाणं म्हणजे 'इंग्रजीत जाणं' म्हणायची.

आणि ही सीमा जिथं मोडली तीही जागा नळदुर्गच. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरहून हैदराबादकडे निघाली, तेव्हा पहिली झटापट इथं झाली. बोरीवरचा पूल उडवला जायच्या आत तो शाबूत हाती लागणं महत्त्वाचं होतं. तो लागला, किल्ल्याकडची निजामी शिबंदी मागे रेटली गेली आणि सकाळी नऊच्या सुमाराला रणगाडे आठ किलोमीटरवरच्या जळकोटला होते. त्याच दिवशी दुपारी उमरगा. चार दिवसांनी, १७ सप्टेंबरला, हैदराबाद शरण आलं. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून आपण तोच दिवस पाळतो. तुम्ही ज्या हायवेने हैदराबादला जाणार, तोच हा मार्ग, आणि तुमची तारीखही त्याच महिन्यातली. नदी ओलांडताना मुलाला एवढं सांगितलंत तरी त्याच्या पुस्तकातला तो धडा जागा होईल.

इथं एक सावधगिरीची सूचना. रझाकारी (निजामाच्या बाजूच्या रझाकारांचा जुलूम) आणि पोलीस ॲक्शन (म्हणजे वर सांगितलेली फौजेची कारवाई) हा विषय या गावात नुसता इतिहास नाही. आधीच्या महिन्यांत जे झालं आणि नंतरच्या आठवड्यांत जे झालं, दोन्हींच्या आठवणी घराघरांत आहेत, आणि वेगवेगळ्या घरांत वेगवेगळ्या आहेत. कुणी म्हातारा माणूस आपणहून सांगायला लागला तर बसून ऐका. मोबाइल समोर धरून 'आजोबा, तेव्हाचं सांगा ना' असं करू नका. हल्ली व्हिडिओ करणारी पोरं हे फार करतात, आणि मग माणसं आमच्यासारख्यांशीही बोलेनाशी होतात.

जेवणाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पोट सोबत येणारच. हायवेच्या धाब्यांवर ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आमटी, वांग्याची भाजी सहज मिळते. तिखट झेपत नसेल तर ऑर्डर देतानाच सांगा, नंतर दही मागवून काही फरक पडत नाही. मुलासाठी डबा बरोबर असलेला बरा.

शेवटचं, तुम्हाला खरंच वेळ असेल तर. नळदुर्ग ही सीमेची एक बाजू झाली. दुसरी बाजू बघायची तर परंडा गाठा. बार्शीहून तो जवळ आहे, नळदुर्गाहून अडीच-तीन तास धरा. म्हणजे पुण्याहून येतानाच टेंभुर्णी-बार्शी असं वळलात तर वाटेत करता येईल. परंडा निजामशाहीचा. अहमदनगर १६०० साली मोगलांनी घेतलं, त्यानंतर मलिक अंबरने निजामशाही घराण्यातल्या दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवून राज्य पुन्हा उभं केलं, ते याच परंड्यातून. विजापूरला जी मुलुखमैदान तोफ लोक बघायला जातात, ती मूळची अहमदनगरला १५४९ साली ओतलेली. बरीच वर्षं ती परंड्यावर होती, १६३२ साली आदिलशाहीने ती विजापूरला नेली. १६३४ ला शाहजहानचा मुलगा शहाशुजा आणि सरदार महाबतखान एवढी मोठी मोगल फौज घेऊन परंड्याला बसले आणि हात हलवत परत गेले. गंमत म्हणजे हा किल्ला नळदुर्गाच्या अगदी उलट आहे: ना कडे, ना नदीचं वळण, निव्वळ सपाटीवर खंदक आणि दुहेरी तट. आत भरपूर तोफा अजून जागेवर आहेत. गर्दी जवळजवळ नसते. उंच बुरूज चढायचे नसल्याने सासूबाईंनाही त्यातला बराच भाग बघता येईल. दोन्ही पाहिले की एकाच सीमेवरच्या दोन सरकारांनी एकच प्रश्न किती वेगळ्या रीतीने सोडवला, हे डोळ्यांनी दिसतं. पण एका दिवसात दोन्ही करू नका. मुक्काम टाकूनच.

तारखा पक्क्या करायच्या आधी पंचांग बघा. तुमचा सप्टेंबर महिनाअखेरीला सरकून नवरात्रात गेला, किंवा बेत पुढे ढकलत कोजागिरीपर्यंत आला, तर सोलापूर आणि कर्नाटकाकडून तुळजापूरला पायी येणाऱ्या भाविकांनी रस्ते भरलेले असतात. वाहतूक वळवलेली असते, तुळजापुरात खोली मिळत नाही आणि तासाभराच्या वाटेला तीन-तीन तास लागतात. त्या दिवसांत यायचं असेल तर मुक्काम सोलापूरला करा, हायवेने सरळ नळदुर्ग गाठा आणि तुळजापूर त्या खेपेला सोडून द्या.